कॉफीच्या मळ्यावरचा खोकला

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. मी तेवीस वर्षांची होते आणि नऊ महिने गोळ्या खाऊन नुकतीच बरी झाले होते. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे. कोणी विचारलंच तर 'टायफॉइड उलटला होता' असं सांगायचं ठरलं होतं. बेंगळूरमधली आमची चौथी पिढी. अप्पांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान, नातेवाईक सगळे आजूबाजूच्या चार गल्ल्यांत. एका घरात कोणी शिंकलं की दुसऱ्या घरात काढा उकळायचा, अशी परिस्थिती. आई माझ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या कचराकुंडीत टाकून यायची. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती, ती आई मागच्या अंगणात वेगळ्या पातेल्यात उकडायची आणि कवचं तुळशीच्या मागे पुरायची.

बरं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, काम कर, पण दगदग नको. मला टायपिंग येत होतं. मी जिथे शिकले त्या क्लासच्या सरांनी एक पत्ता दिला. कँटोन्मेंटच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एक म्हाताऱ्या बाई राहतात, त्यांना घरातली जुनी पत्रं टाइप करून हवी आहेत, पण डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून आधी वाचून दाखवायचं आणि मग टाइप करायचं. सकाळी दहा ते एक.

"बाई गोऱ्या आहेत, पण इथल्याच," सर म्हणाले. "कानडी तुझ्यापेक्षा बरी बोलतात."

ते खरं निघालं. स्वयंपाकीणबाईंशी त्या अस्खलित कानडीत भांडायच्या आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. मी त्यांना मॅडम म्हणत असे. ऐंशीच्या पुढचं वय, उंच, हाडकुळ्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. त्यांच्या पणजोबांनी घाटावरच्या डोंगरात जंगल तोडून कॉफी लावली होती. पणजी मळ्यावरून आपल्या बहिणीला पत्रं लिहायची. ती बहीण विधवा होती आणि बेंगळूरला, याच बंगल्यात राहायची. म्हणून पत्रं इथेच राहिली, पत्र्याच्या एका ट्रंकेत. मळा कधीच विकला गेला होता आणि घरची माणसं इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पांगली होती. त्यातल्या एका भावाला आता घराण्याचा इतिहास लिहायचा होता, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पत्रं वाचणं सोपं नव्हतं. कागद वाचवायला पणजी आधी आडव्या ओळी लिहायची, मग तोच कागद फिरवून त्यांच्यावरूनच उभ्या ओळी लिहायची. पहिले चार दिवस मला जाळीतून पाहिल्यासारखं वाटत होतं. मग नजर बसली. एका दिशेच्या ओळी धरल्या की दुसऱ्या दिशेच्या आपोआप मागे सरायच्या.

पहिला महिना मजेत गेला. कॉफीच्या फुलांनी डोंगर पांढरा झाल्याचं पत्र, बिबट्याने कुत्रं नेल्याचं पत्र, बैलगाडीतून आलेला पियानो पावसाने फुगल्याचं पत्र. मॅडम हसायच्या, मध्येच थांबवून सांगायच्या, "हा पियानो मी पाहिलाय. शेवटपर्यंत बेसूरच होता."

मग एका पत्रात थोरल्या मुलीचा खोकला आला. मुलगी सतरा वर्षांची. सकाळी खोकते, संध्याकाळी गाल लाल होतात, अंगात कणकण असते, उशी घामाने भिजते. मी वाचता वाचता थबकले. हे मला माहीत होतं. ते गाल मी स्वतःच्या आरशात पाहिले होते.

"पुढे वाच," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर दोन दिवस घोड्यावरून प्रवास करून आला. आधी पलटणीत होता. त्याने छातीला कान लावून ऐकलं आणि सांगितलं, फुफ्फुसाला दाह झालाय, रक्त कमी करायला हवं. गळ्याच्या हाडाखाली बारा जळवा लावल्या. पणजीने बहिणीला लिहिलं होतं: 'पोर अगदी शहाण्यासारखी पडून राहिली. हसून म्हणाली, माझ्यापेक्षा यांनाच जास्त भूक आहे.' जेवण बंद केलं. जवाचं पाणी आणि पावाचा तुकडा. पाऱ्याच्या गोळ्या सुरू केल्या; हिरड्या सुजल्या, तोंडातून लाळ गळायला लागली, ती गळते म्हणजे औषध लागू पडतंय असं डॉक्टरने सांगितलं. खोलीच्या खिडक्यांच्या फटी कापूस आणि खळ लावून बुजवल्या, वाऱ्याची झुळूकही नको म्हणून.

मी टाइप करत होते, पण बोटं चुकत होती. जिला खायला घालायचं तिला उपाशी ठेवत होते. जिला हवा हवी तिला कोंडत होते. आणि हे सगळं तिची आई करत होती, प्रेमाने.

त्यानंतर लेप आला. कसल्याशा हिरव्या किड्यांची पूड करून बनवलेला. तो छातीवर बांधायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी तळहाताएवढा फोड येतो. तो कापून कातडी काढायची आणि जखम भरू नये म्हणून त्यावर रोज झोंबणारं मलम लावायचं. रोग आतून बाहेर ओढायचा म्हणे. पणजीने लिहिलं होतं: 'जखम कोरडी पडायला लागली की डॉक्टर रागावतात. मलम मीच लावते. ती माझ्या हाताला धरून असते, ओरडत नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.'

मी कागद खाली ठेवला. पाणी मागितलं. मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आमच्यात हे सांगायचे ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "थोरली नाजूक होती, छातीला हवा मानवली नाही, एवढंच."

घरी गेले तर जेवण जाईना. आईने कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नव्हता, तरी रात्री माझ्या ताटात दही वाढलं ते मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात ते पत्र आलं ज्याने मी हादरले. थोरलीला थंडी वाजते म्हणून धाकट्या बहिणीला, नऊ वर्षांच्या, तिच्याजवळ झोपवायला सुरुवात केली होती. 'दोघी एका पांघरुणात असतात, छोटी तिला छान ऊब देते.' आणि खाली, उभ्या ओळीत: 'दूध तिला पुरतं जात नाही. उरलेलं आया पिते, वाया घालवायचं कशाला.'

"नको," असं माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं.

मॅडमनी मान वळवली. "काय झालं?"

"मॅडम, हा टीबी आहे. खोकल्यातून पसरतो. तिला जवळ झोपवायला नको होतं. सगळी दारं-खिडक्या बंद, त्यात ती लहान पोर."

"त्यांना कोणी सांगितलं नाही?"

"तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. रोग रक्तातून येतो, घराण्यात असतो असं समजत होते. इथे लिहिलंय ना, डॉक्टरनेच सांगितलं, संसर्गाची भीती नाही म्हणून."

"तुला बरंच माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

"वाचलंय," मी म्हटलं.

विहिरीच्या काठाकडे कोणी चालत जावं, आपण ओरडावं आणि आवाज सव्वाशे वर्षं मागे पोचूच नये, तशी माझी अवस्था झाली होती. पुढची पत्रं मी भीत भीत उघडत होते. छोटीला खोकला आला का, एवढंच शोधत होते. छोटीचं काही नव्हतं. पण एका पत्राच्या शेवटी, मिठाई आणि लोकरीच्या यादीनंतर, एक वाक्य होतं: 'आया महिनाभर खोकत होती, म्हणून तिला घरी पाठवलं होतं, ती गेल्याचं काल कळलं. तिची दोन मुलं तिच्या आईकडे आहेत. आता दुसरी बघायला हवी, ऐन अडचणीत मोठीच पंचाईत झाली.'

मी ते वाचलं आणि टाइप करायला लागले. मॅडमनी हात वर केला.

"ते राहू दे. ते नको घालूस."

"मॅडम?"

"भावाला घराण्याची माहिती हवी आहे. नोकरमाणसांची नाही. शिवाय वाईट दिसतं ते."

बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते वाक्य गाळलं आणि पुढचं टाइप केलं. बसमध्ये बसल्यावर तेच मनात फिरत होतं. जळवा, पारा, लेप हे सगळं अज्ञानातून झालं होतं. हे मात्र आज सकाळी, माझ्यासमोर, माझ्या बोटांनी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले ते आज हे काम सोडूनच देऊ या असं मनाशी घोकत. पण मॅडम आधीच ट्रंकेजवळ येऊन बसल्या होत्या आणि स्वयंपाकीणबाईंनी चहा ठेवला होता. मी पुढचं पत्र उचललं. ते असं होतं:

'छोटीला खोकला नाही, ती चांगली खेळते, जेवते. पण डॉक्टर म्हणतात, रोग रक्तात असणारच, तो जोर धरायच्या आत बाहेर काढलेला बरा. म्हणून काल तिलाही लेप लावले. लहान आहे म्हणून एकच मोठा न लावता सहा लहान लावले, तीन-तीनच्या दोन ओळींत. तिला धरायला तिघं लागली. थोरली पलीकडच्या खोलीतून हाका मारत होती, की तिला सोडा, तिच्याऐवजी मला लावा.'

मॅडमच्या हातातला कप बशीवर वाजला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"सहा?"

"हो. तीन-तीनच्या दोन ओळींत."

मॅडमनी कप खाली ठेवला आणि हात स्वतःच्या गळ्याखाली नेला. बोटांनी एकेक जागा दाबावी तशा त्या छातीवर हात फिरवत राहिल्या.

"छोटी म्हणजे माझी आजी," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावायची. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा तिच्या न्हाणीघरात शिरले. तिच्या छातीवर सहा गोल वण होते, चकचकीत, पांढरे. मी विचारलं तर म्हणाली, लहानपणी देवी आल्या होत्या. मी म्हटलं, मग तोंडावर कशा नाहीत? तर तिने मला बाहेर काढलं. आयुष्यात एकदाच ती माझ्यावर चिडली." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तिला तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, असंच लिहिलंय ना?"

"खेळते, जेवते, असं लिहिलंय."

"चांगल्या पोरीला जाळलं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या धूसर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला राहवलं नाही. खोटं बोलून त्यांच्यासमोर बसणं अशक्य झालं. मी म्हटलं, "मॅडम, मी वाचलं नव्हतं. मला झाला होता टीबी. गेल्या वर्षी."

"तुला?"

"हो. आता बरी आहे."

"आणि तुला काय केलं त्यांनी?"

"गोळ्या दिल्या. आधी चार प्रकारच्या, मग दोन. नऊ महिने."

"आणि?"

"आणि काही नाही. लघवी लाल व्हायची, मळमळायचं. दोन महिन्यांत ताप गेला."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. एखाद्याची फसवणूक झाल्यावर होतो तसा झाला होता. एवढंच, एवढंच, असं त्या दोन-तीनदा पुटपुटल्या. आणि मग त्यांची खुर्ची मागे सरकली. फार नाही, चार बोटं. फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला.

दोघींनी तो ऐकला. मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. मी कागद गोळा करायला लागले.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "मी आता काय केलं ते तुला दिसलं."

"हो."

"मला वाटलं नव्हतं मी तसं करेन." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आधी होती त्याच्याही पुढे, इतकी की त्यांचे गुडघे टेबलाला लागले. "तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, आता कोणाला काही होत नाही म्हणून?"

"सांगितलंय. गोळ्या सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत पसरायचं थांबतं. पण घरी अजून विश्वास बसत नाही."

"साहजिक आहे," त्या म्हणाल्या. मग टाइप केलेल्या कागदांकडे हात करून म्हणाल्या, "कालचं ते वाक्य घाल. आयाचं. तिचं नाव कुठे आलंय का बघ."

मी त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस सगळी पत्रं मागेपुढे चाळली. घोड्याचं नाव होतं, बिबट्याने नेलेल्या कुत्र्याचं होतं. आयाचं नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.

पुढचं थोडक्यात सांगते. थोरली त्या पावसाळ्यातच गेली. तिच्या शेवटच्या आठवड्याचं पत्र पणजीने फक्त आडवं लिहिलं होतं, उभ्या ओळी नव्हत्या. कागद वाचवायचंही तिला सुचलं नसावं. बातमी कळल्यावर बेंगळूरची बहीण मळ्यावर गेली आणि छोटीला इथे घेऊन आली. त्यावरून दोघी बहिणींत काही बोलणं झालं असावं, कारण त्यानंतर वर्षभर पत्र नाही. छोटी याच बंगल्यात वाढली. इथे तिला खिडक्या उघड्या ठेवून झोपवत, असं पुढे एका पत्रात पणजीने तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. छोटी चांगली ऐंशी वर्षं जगली.

ही हकीकत मी आईला सांगितली ती जानेवारीत. आम्ही दोघी मागच्या दारी अवरेकाई सोलत बसलो होतो. हिवाळ्यात बेंगळूरभर त्या शेंगांचा वास असतो आणि घरोघरी बायकांच्या बोटांना तो चिकट तेलकटपणा असतो. माझ्या आवाजात राग होता. त्या गोऱ्या लोकांनी काय केलं बघ, धडधाकट पोरीला भाजलं, सख्ख्या आईने, तिघांनी धरून. आई सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "माझ्या अक्काला डाग दिले होते."

मला आधी कळलंच नाही. आईला एक मोठी बहीण होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"बेळगावकडे, आमच्या गावी," आई म्हणाली. "सोळाची होती. लग्न ठरलं होतं. खोकल्यातून रक्त पडायला लागलं. तुझ्या आजीने गावातला माणूस बोलावला. त्याने लोखंडाची सळई तापवली, पाठीवर पाच आणि छातीवर चार डाग दिले. मी दहा वर्षांची होते."

"तू पाहिलंस?"

"पाय मी धरले होते."

शेंगेतून दाणा काढून तिने परातीत टाकला. मला वाटत होतं मी कुठल्यातरी परक्या, जुन्या काळातल्या, दूरच्या घरातलं काही वाचून आलेय. ते माझ्या आईच्या हातात होतं. याच हातात.

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? अक्का गेली. तिचं नाव घेतलं तर माझंही लग्न होणार नाही म्हणून घरात सांगितलं, नाव घ्यायचं नाही. तेच अंगवळणी पडलं." पुढची शेंग उचलत म्हणाली, "तुझा फोटो काढून डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिव्यासमोर धरला आणि छातीतला तो डाग दाखवला ना, तेव्हा मला भोवळ आली होती. तुला वाटलं उन्हाने आली. त्यांनी कागदावर गोळ्या लिहून दिल्या, तर मी विचारलं, आणखी काय करायचं? ते म्हणाले, काही नाही, अम्मा, चुकवू नका. माझा विश्वास बसला नाही. नऊ महिने मी रोज वाट बघत होते, की आता काहीतरी दुसरं सांगतील."

मी आजारी असताना ती माझ्याजवळ फारशी बसत नसे. मला तिचा राग यायचा. ती घाबरते, असं मला वाटायचं, आणि ती घाबरतच होती; फक्त कशाला, ते मला माहीत नव्हतं.

"तिला काय आवडायचं?" मी विचारलं.

आईने पहिल्यांदाच मान वर केली. तिला या प्रश्नाचा धक्का बसल्यासारखा दिसला. पन्नास वर्षांत तिला कोणी हे विचारलं नसणार.

"चिंचा," ती म्हणाली. "मीठ लावून. खोकला वाढतो म्हणून देत नव्हते. मी चोरून द्यायची."

मॅडमचं टायपिंग फेब्रुवारीत संपलं. कागद परदेशी गेले. त्या भावाने ते वाक्य ठेवलं की गाळलं, ते मला कळलं नाही. मॅडमनी त्याच उन्हाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पुढे मला होसकोट्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. दीड वर्षाने एक स्थळ आलं, तेव्हा मी मुलाच्या आईला सरळ सांगितलं, मला टीबी झाला होता. ते लोक चहा घेऊन गेले आणि परत आले नाहीत. अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आई मात्र त्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी केलेला शिरा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी तो एकाच ताटलीतून खाल्ला.